मागच्या सीटचं माप

चहाचा कप विसळून मी बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. आमच्या वर्कशॉपच्या मधोमध लांबच्या प्रवासाची एक भलीमोठी मोटरसायकल उभी होती, आणि तिच्या मागच्या सीटवर — पुढच्या नाही, मागच्या! — एक अनोळखी माणूस डोळे मिटून बसला होता. हँडल धरायला पुढे कुणीच नाही. त्याच्या उजव्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावलेल्या, आणि त्यावरून मफलर गच्च आवळलेला.

"अहो!" मी ओरडलेच. "अपघात झालाय का? दवाखाना पुढच्या चौकात आहे!"

त्यानं डोळे उघडले. चष्म्याआडून इतकं शांतपणे माझ्याकडे पाहिलं, की ओरडल्याची मलाच लाज वाटली.

"अपघात नाही," तो म्हणाला. "मी सध्या माझे बाबा आहे."

माझी दातखीळ बसली. ज्या मुलीला मावशी दिवसातून चारदा 'जरा तोंड मिट' म्हणते, तिची! बाहेर भुरभुर पाऊस लागला होता, आणि आत हा माणूस स्वतःचा बाप होऊन बसला होता.

मग हळूहळू उलगडा झाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, दोन गल्ल्या सोडून. वडील चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आता तो गुडघा फारसा वाकत नव्हता. त्यांच्या बसचा जुना कंडक्टर दोन दिवसांच्या वाटेवर लेकीकडे राहायला गेला होता. अकरा वर्षांत दोघांची भेट नाही. वीस तारखेला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि त्यानं निरोप धाडला होता... त्याआधी एकदा येऊन जा.

"मग बसनं जा की," मी म्हटलं.

"बसच्या सीटमध्ये त्यांचा गुडघा अडकतो. ज्या माणसानं जन्मभर बस चालवली, त्यालाच बसमध्ये बसता येत नाही. गाडीवर पाय जरा मोकळा सोडता येईल, पण हे कंपनीचं फूटरेस्ट बघा ना, किती वर आहे! पाच मिनिटांत माझाच गुडघा बोंबलतोय."

"तुम्ही मुद्दाम आमच्याकडे आलात?"

"नाही. समोरच्या टायरवाल्याकडे आलो होतो. तो बंद आहे." मग घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे... बरं झालं बंद आहे."

हे शेवटचं वाक्य तो का म्हणाला, यावर मी त्या दिवशी निष्कारण बराच विचार केला.

आमचं वर्कशॉप मावशीचं. सीट आणि फूटरेस्ट, एवढंच काम. मावशीचा एक नियम आहे आणि तो देवानंही मोडायचा नाही. आधी मापं, मग जोडणी, आणि शेवटी मागे बसणारा माणूस प्रत्यक्ष बसून 'बरोबर' म्हणेपर्यंत ती गाडी लांबच्या प्रवासाला सोडायची नाही. त्याच्या वडिलांचे, म्हणजे काकांचे, व्यायाम चालू होते, त्यांना निघायच्या आदल्या दिवशीच आणता येणार होतं. म्हणून चष्मेवाल्यानं मापांची चिठ्ठी दिली. सीटपासून तळपायापर्यंत एक्कावन्न सेंटिमीटर. मी ती चिठ्ठी कामाच्या कार्डाला टाचली.

मग सुरू झाली निवड. मी त्याला आधी गोल, बारीक दांड्यांचं फूटरेस्ट दाखवलं.

"दिसायला छान आहे," तो म्हणाला.

"दिसायला काय करायचंय? तासाभरात तळपायाला मुंग्या येतील. हे रुंद घ्या, पाटीसारखं. टाच टेकते. वरचं रबर जाड आहे, इंजिनची थरथर पायात चढत नाही."

"पावसात घसरलं तर?"

मी झारी उचलली आणि पाटीवर पाणी ओतलं, "ठेवा पाय," म्हटलं. त्यानं पाय ठेवला, मी आणखी ओतलं. त्याचा बूट भिजला, मोजा भिजला, पँट पोटरीपर्यंत भिजली. पाय घसरला नाही.

"पटलं?" मी विचारलं.

"पटलं. पण तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना अशी अंघोळ घालता?"

"प्रश्न विचारणाऱ्यांनाच."

"मग मी उद्याही एक प्रश्न घेऊन येतो," तो म्हणाला, आणि ओल्या बुटानं पचपच करत निघून गेला. मावशी आतून खाकरली. मी विनाकारण बोल्टचे पाने मापाप्रमाणे लावत बसले.

फूटरेस्ट खाली घ्यायला मी एक ब्रॅकेट निवडलं. त्याला एकाखाली एक चार होल असतात. जितका खालचा होल, तितका गुडघा मोकळा. काकांच्या मापाला चौथा, सगळ्यात खालचा. तसं मी कार्डावर लिहिलंही. पण आधी रबराची चाचणी घ्यायची होती, आणि चालत्या गाडीवर मागे बसायला माझ्याशिवाय होतं कोण? म्हणून फूटरेस्ट तेवढ्यापुरतं दुसऱ्या होलवर लावलं, माझ्या पायांना जमेल असं.

आम्ही गावाबाहेरच्या रस्त्यानं गेलो आणि आलो. पंचवीस मिनिटं. मी मागून सूचना देत होते, "खड्ड्यातून घ्या... आता जोरात... आता ब्रेक दाबा!" आणि तो निमूटपणे तसं करत होता. वळणावर त्यानं मागे न बघताच विचारलं, "पाय बरे आहेत ना?" इतकंच. पण आजवर मी लोकांच्या पायांची चौकशी करत आले होते. माझ्या पायांची कुणी केली नव्हती. पुढचा खड्डा सांगायचा मी विसरलेच.

परत आल्यावर मी बोल्ट आवळले आणि त्याला गाडी घेऊन जा म्हटलं.

पुढचे दहा दिवस तो एक दिवसाआड यायचा. कधी रबर कुरकुरतंय, कधी आरसा हलतोय. एकदा तर म्हणाला, "हॉर्नचा आवाज जरा उदास वाटतोय."

"हॉर्न उदास?" मी तोंडात बोटं घातली. "मी फूटरेस्ट बसवते, हॉर्नचं मन रिझवत नाही."

"मग माझं बघा," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यानं कानापर्यंत लाल झाला. मी पाना खाली टाकला. मुद्दाम नाही... खरंच सुटला हातातून.

निघायच्या आदल्या दुपारी काका आले. उंचेपुरे, हातात काठी, आवाज अख्ख्या बसला ऐकू जावा असा. "हीच का ती पोरगी?" असं विचारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मेवाल्यानं छताकडे. दोघांनी मिळून त्यांना सीटवर बसवलं. काकांनी पाय फूटरेस्टवर ठेवला...

आणि त्यांच्या तोंडून 'आई गं!' निघालं.

गुडघा वर, पार वर आला होता. त्यांनी पटकन पाय काढून घेतला. "पोरी," ते दम खात म्हणाले, "हे काही माझ्या पायाचं नाही."

"असं कसं होईल?" मी वाकून पाहिलं, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. बोल्ट दुसऱ्या होलमध्ये होता. चाचणीनंतर मी तो खाली घेतलाच नव्हता! कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, चौथा होल. सहा वर्षांत माझ्या हातून एक वॉशर इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि सात सेंटिमीटर... चांगली चार बोटं!

मावशी आतून आली. तिनं फूटरेस्ट पाहिलं, कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं. काकांना हात देऊन तिनं खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाली, "तू बस गं जरा गाडीवर."

"मी कशाला?"

"बस म्हणते ना."

मी बसले. पाय खाली सोडले, आणि ते बरोब्बर फूटरेस्टवर टेकले. टाच, चवडा, गुडघा, सगळं जिथल्या तिथे. माझं तोंड भट्टीसारखं तापलं. त्या गाडीची मागची सीट मी माझ्या मापाची करून ठेवली होती, आणि ते मलाच माहीत नव्हतं!

मी धडपडत उतरले. "काका, माफ करा. तुम्ही न बसता निघाला असता तर दहा मैलांत पाय सुजला असता. तुमची भेट हुकली असती, आणि ती माझ्यामुळे..."

"चूक एकट्या त्यांची नाही," चष्मेवाला म्हणाला. "मला माहीत होतं."

मी गर्रकन वळले. "काय?"

"पहिल्याच संध्याकाळी मी घरी मोजलं. माझ्या कामात एक मिलिमीटर चुकला तर गिऱ्हाइकाचं डोकं धरतं. चार बोटं मला दिसली नसतील?"

"आणि गप्प बसलात? दहा दिवस? हॉर्न उदास आहे म्हणून सांगत होतात, आणि हे सांगता आलं नाही?" माझा आवाज चिरकला. "बापाच्या गुडघ्याशी खेळ करता?"

"बाबांना बसवून बघितल्याशिवाय गाडी निघणारच नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण हे सांगितलं असतं तर तुम्ही पाच मिनिटांत नीट करून दिलं असतं..." त्यानं हॉर्नकडे पाहिलं. "मग इथं यायला मला दुसरं काय कारण होतं?"

मला धक्क्यावर धक्के बसत होते. खरं तर त्या माणसाला पान्यानं बडवायला हवं होतं. त्याऐवजी मी काय केलं? मावशीसमोर, काकांसमोर, ग्रीसनं बरबटलेल्या हातांनी उभी राहून म्हणाले, "मला तुम्ही आवडता. झालं समाधान? मी मुद्दाम नाही चुकले. तुम्ही मागे न बघता माझ्या पायांची चौकशी केलीत, त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आता हसा सगळे."

कुणीच हसलं नाही. चष्मेवाल्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि उलटा घातला.

"मलाही तुम्ही... म्हणजे मला तुम्ही फार आवडता," तो म्हणाला. "परत आल्यावर सांगणार होतो."

"परत कधी येणार?"

"नऊ दिवसांनी."

"नऊ दिवस!" मी पुन्हा ओरडले.

"चाळीस वर्षं बस चालवली," काका खुर्चीवरून गरजले, "कायम रस्त्याकडे नजर. माझ्या पाठीमागे काय काय चालायचं, ते आज कळलं! पोरी, माझा मित्र वाट बघतोय. आधी मला त्याच्यापर्यंत पोहोचव. आल्यावर मी काही या घोड्यावर पुन्हा चढणार नाही. मग ती सीट तुझी. काय मोजमाप करायचंय ते करा."

मी खाली बसले आणि उजवीकडचा बोल्ट काढून चौथ्या होलमध्ये घातला. मावशीनं काकांना पुन्हा चढवलं. त्यांनी पाय ठेवला, जरा हलवून पाहिला, आणि मोठा श्वास सोडला. "बरोबर," ते म्हणाले. मला तिथेच रडू कोसळलं. मग डावी बाजू राहिली. चष्मेवाला माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "ही मी लावू?"

मी पाना त्याच्या हातात दिला. त्यानं जीव तोडून बोल्ट आवळला, घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता, तरी मी पाना परत घेतला आणि तो बोल्ट आणखी दीड आटा फिरवला.