जुन्या राखेवरचा धूर

पटत नसेल तर मांबिला पठारावर या. तो सरकारी गुरांचा फार्म अजून तिथेच आहे आणि मीही तिथेच दूध काढते. खोटं बोलून मला काय मिळणार?

साथीत फार्मवरचा सगळा कळप मेला, तेव्हा माझा गिडाडो मामा तिथला मुख्य गुराखी होता. मग फार्म वर्षानुवर्षं ओसाड पडला. गेल्या पावसाळ्यात सरकारने तो पुन्हा सुरू केला, नव्या गाई आणल्या आणि मामालाच बोलावलं. माझी एकुलती गाय मीही त्या कळपात सोडली. ओले तिचं नाव. ती गाभण होती. माझ्या बारशाला मिळालेल्या गाईच्या वंशातली ती शेवटची.

आम्ही गुरं राखणारे फुलानी लोक दिवस मावळताना गुरांसाठी धुरी पेटवतो. धूर दिसला की गुरं आपसूक घरी येतात.

पण मेलेल्या कळपाच्या जुन्या धुरीच्या राखेवर नव्यांची धुरी कुणी लावत नाही.

मामाने लावली.

"मामा, जागा बदल ना!"

"गप गं, शहाणे! बाकी सगळा चिखल आहे. विस्तव काय तुझ्या डोक्यावर पेटवू?"

धूर वर गेला. नव्या गाई टेकडीवरून उतरल्या... आणि थबकल्या.

एकही पुढे येईना.

धुरीभोवतीची जागा रिकामीच होती. तरी तिथून आवाज येत होता...

रवंथ करण्याचा.

पाऊस भुरभुरत होता. सगळी जमीन भिजलेली. फक्त धुरीभोवती, गाय बसते तेवढे कोरडे तुकडे होते. एकाला लागून एक.

मी एकावर हात ठेवला...

उबदार होता.

मी हात मागे ओढला. तेवढ्यात नव्या गाई मागे वळल्या. तिकडे धुकं होतं आणि धुक्यापलीकडे कडा. सगळ्यांच्या पुढे ओले!

"मामा, विझव ती! माझी ओले कड्याकडे चाललीय!"

मामा रडत होता. "कशी विझवू, पोरी? एवढ्या वर्षांनी घरी आल्यात गं त्या."

मग त्याने डोळे पुसले, काठी उचलली. जुन्या गाईंना नावानिशी हाका मारत तो धुक्यात शिरला.

कोरडे तुकडे एकेक करून भिजत गेले...

नव्या गाई माघारी आल्या. ओलेसुद्धा.

मामा आला नाही. कड्याखाली सगळीकडे शोधलं. फार्मचे साहेब म्हणाले, पाय घसरला असेल. पण त्याची काठीसुद्धा सापडली नाही.

आता आम्ही धुरी नव्या जागी लावतो. ओलेला कालवड झाली. रोज संध्याकाळी धुक्यातून मामाच्या हाका येतात. तीच जुनी नावं. खरं सांगते, भीती वाटते आणि बरंही वाटतं.

काल मात्र शेवटी एक नाव जास्त होतं...

"ओले... ये गं, ओले..."

आज मी तिला दोन दाव्यांनी बांधलंय. ती धुक्याकडे तोंड करून उभी आहे. वासरू हंबरतंय, पण ती मागे बघत नाही.