सरसात बुडवलेला पंजा

दुरुस्तीला गिटार आली की मी आधी ती हलवून बघते. आतली एखादी पट्टी सुटली असली तर खुळखुळते, आणि निम्मं काम तिथेच कळतं. त्या दुपारी गिटार शिकवणाऱ्या बाई आल्या, तेव्हाही मी हेच केलं. काही वाजलं नाही.

“आतून आवाज येतो,” बाई म्हणाल्या. “टकटक. पेटीत ठेवून झाकण लावलं की जास्तच.” मग ओशाळून हसल्या. “माझंच डोकं फिरलं असेल म्हणा. पण तुम्ही बघून ठेवा, मी संध्याकाळी येते.”

आभाळ दाटलं होतं. हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि फळ्या चिकटवायचा सरस नीट धरत नाही, म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या. आत सरस तापत ठेवलेला, त्याचा ओल्या कातड्यासारखा वास. मागच्या टेबलावर माझा नवरा रंधा मारत होता. आम्ही दोघं मिळून गिटारी बनवतो. बाईंनी आणलेली ही मात्र त्याने एकट्याने बनवली होती, भिंगरी गेली त्या वर्षी.

भिंगरी आमची मुलगी. एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव. तापाने फणफणली आणि बघता बघता होत्याची नव्हती झाली. त्यानंतर नवरा इथेच, कारखान्यात झोपायला लागला. एका छताखाली काम करतो, एवढाच आमचा संसार उरला.

आमच्या धंद्यात टॅटूचं वेड जुनं आहे, पण शोभेसाठी कुणी गोंदवत नाही. सासऱ्यांच्या हातावर त्यांच्या पहिल्या गिटारीच्या भोकाभोवतीची नक्षी होती. पॉलिशवाल्या काकांनी मनगटावर वॉर्निशचा एक ओघळ गोंदवून घेतलाय. त्या ओघळाने त्यांची सगळ्यात देखणी गिटार बिघडवली होती. “चूक डोळ्यांसमोर असली की हात सरळ चालतो,” असं काका म्हणतात. “मग माझं तोंड गोंदवा की,” असं काकू म्हणतात.

आणि सासऱ्यांपासून एक रीत चालत आलीय. गिटारीची पाठ चिकटवून ती कायमची बंद करण्याआधी, बनवणाऱ्याने टॅटूचा हात आत घालून वरच्या फळीला क्षणभर टेकवायचा. लाकडाला आपली ओळख द्यायची. मग सरस, मग जोड दाबून धरणारे शिकंजे.

नवऱ्याच्या हातावर भिंगरीचा पंजा होता. एकदा तिने सरसाच्या भांड्यात हात बुचकळून चांगल्या फळीवर थापला होता. ती गेल्यावर त्याने तोच ठसा, रेघ न् रेघ, कोपराखाली गोंदवून घेतला. तो हात आत टेकवूनच त्याने ही गिटार बंद केली. तेव्हापासून तो भर उन्हाळ्यातही लांब बाह्या घालतो. मी कधी विचारलं नाही. विचारायला आमच्यात बोलणं तरी कुठे राहिलं होतं?

मी गोल भोकातून बारका बल्ब आत सोडला आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला दांडीचा आरसा घातला. पट्ट्या जागच्या जागी होत्या. वरच्या फळीला, आतून, मधोमध एक लहान पंजा होता. निळसर काळा.

मी आरसा बाहेर काढला. पुसला. पुन्हा घातला. पंजा मधोमध नव्हता. तो खाली सरकून, पाठ चिकटवतात त्या जोडापाशी गेला होता.

मग टकटक झाली... अगदी हळू. बोटाच्या पेराने दार वाजवावं तशी.

रंधा थांबला. नवरा माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याने आरशात पाहिलं, आणि बाही वर सरकवली. हात कोरा होता. शाईचा डागसुद्धा नव्हता.

“गिटार बंद केली, त्याच दिवशी पंजा गेला,” तो म्हणाला. “मला वाटलं, शाईच हलकी होती.”

“खरंच असं वाटलं?”

“नाही.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगणार होतो? पोर गेली, आणि तिचा उरलेला हातही मी घालवला म्हणून?”

टकटक. त्याने गिटारीला कान लावला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. “भिंगरीच आहे गं... आपली भिंगरी.”

मला त्याच्याकडे बघवेना. आहे, पण कुठे? अंधारात. कोंडलेली. आणि कोंडणारे आम्ही, तिचे आईबाप.

“उघड,” मी म्हणाले.

पातळ सुरी तापवून जोडात घातली की सरस सैल पडतो. मी गिटार धरली, तो सुरी फिरवत गेला. पाठ सुटत आली तसा आत उजेड शिरला. एका कोपऱ्यात पंजेच पंजे उमटले होते, एकावर एक, खेटून. बाकी सगळं लाकूड मोकळं. आणि उजेड पडेल तसे ते पंजे पुसट होत चालले. आधी करंगळ्या, मग तळवे...

“जातेय ती!” नवऱ्याच्या हातातली सुरी पडली. “आता काय करू? सांग ना, काय करू?”

उघडं ठेवलं तर ती दुसऱ्यांदा मरणार होती. झाकलं तर जन्मभर अंधारात. मी तिची आई आहे. तिला मोकळं सोडायला हवं, हे मला कळत होतं. पण एकदा ती माझ्या मांडीवर गेली होती, आणि ते पुन्हा बघायची ताकद माझ्यात नव्हती.

“सरस आण,” मी म्हणाले.

जोडावर सरस फिरवला, पाठ दाबून बसवली, शिकंजे आवळले ते मीच. मग आम्ही दोघं त्या लाकडावर डोकं टेकवून खूप रडलो.

थोड्या वेळाने आतून हलकी टकटक झाली. नवरा रडता रडता हसला. त्याने बाहेरून बोटाने उत्तर दिलं. तिने परत टकटक केली. मी डोळे मिटून ऐकत राहिले. वाटलं, एवढंच मिळालं तरी पुरे.

तेवढ्यात दुसरी टकटक आली. आतूनच, पण दुसऱ्या टोकाकडून. सावकाश. जड. मोठ्या माणसाच्या हाताची.

हलकी टकटक तिथल्या तिथे थांबली.

“आत... कोण आहे?” नवऱ्याने विचारलं.

पंजे सगळे एकाच कोपऱ्यात का खेटले होते, ते मला तेव्हा कळलं. त्याने शिकंज्याला हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. “उघडू?”

मला हो म्हणवेना, नको म्हणवेना. आत फळीवरून काहीतरी घासत, सावकाश, त्या कोपऱ्याकडे सरकत होतं.