एकाच कागदाचे सात फोटो

माझं नेहमीचं मोबाइलवाल्याचं दुकान नेमकं त्याच दिवशी बंद. सव्वातीन वाजलेले, पाच वाजता बाबांना घेऊन स्पीच थेरपिस्ट मॅडमकडे जायचं... आणि माझा सहा वर्षांचा म्हातारा फोन दर दोन मिनिटांनी मान टाकत होता. शेजारी एक अरुंद दुकान उघडं दिसलं. देवाचं नाव घेऊन आत शिरले.

दुरुस्तीवाला ओठांत बारीकसा स्क्रू धरून बसला होता. मला बघून त्यानं तो काढून ठेवला—बहुधा हसायचं होतं म्हणून.

“बोला.”

“सरावाचं अ‍ॅप उघडलं की बंद पडतं. जागा नाही म्हणतं. झटक्यानंतर बाबांची वाचा गेली, तीन महिने रोज बोलायचा सराव घेतेय, सगळं रेकॉर्डिंग त्याच अ‍ॅपमध्ये आहे. आज सुधारणा दाखवली तरच पुढचे उपचार मिळणार. आणि मॅडमसमोर बाबांची बोबडी वळते, एक शब्द फुटत नाही, म्हणून हे रेकॉर्डिंग...”

“आधी श्वास घ्या,” तो म्हणाला. “अ‍ॅप काढून परत टाकलं नाहीत ना?”

“टाकणारच होते. भाऊ म्हणाला होता.”

“भावाला म्हणावं, तू गप्प बस. सगळं पुसलं गेलं असतं.”

मी फोन त्याच्यापुढे सरकवला. त्यानं मात्र फोन माझ्याच हातात ठेवला आणि स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला.

“हे काय?”

“लोकांचे फोटो मी बघत नाही. तुम्ही वाचा, मी सांगतो. फोटो किती आहेत?”

“चार हजार तीनशे.”

“कसले एवढे?”

“बाबांच्या रिपोर्टचे. एकेका कागदाचे सात-सात.”

पाठीनं विचारलं, “सात कशाला?”

“हलला असेल तर?”

“सातही?”

“मी औषधांच्या दुकानात काम करते. गोळ्यासुद्धा तीनदा मोजते.”

त्याचे खांदे हलले. मेला हसत होता! मला राग यायला हवा होता, पण त्याच्या शर्टाची कॉलर मागून दुमडलेली होती आणि ती सरळ करावीशी वाटत होती.

मी पुसायला बसले. “हा पुसू?” असं मी निदान वीसदा विचारलं असेल. “एक ठेवलाय ना? मग पुसा,” असं तो वीसदा म्हणाला, एकदाही न वैतागता. पुसलेल्यांची टोपलीही रिकामी करायला लावली, नाहीतर जागा सुटत नाही म्हणे. मग फोन बंद करून चालू केला. चार वाजून दहा मिनिटं. अ‍ॅप उघडलं... आणि पुन्हा बंद पडलं.

“परत बंद पडलं!” मी जवळजवळ ओरडलेच.

“घाबरू नका. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपचं स्टोरेज उघडा. दोन बटणं आहेत? ‘क्लिअर कॅशे’ म्हणजे साचलेला केर, तो काढायचा. शेजारचं ‘क्लिअर डेटा’ म्हणजे बाबांचे तीन महिने. त्याला हात लावायचा नाही.”

दोन बटणं इतकी जवळ—आणि माझं बोट थरथरत होतं.

“तुम्ही बघा ना... प्लीज.”

तो पहिल्यांदा वळला. “मी दाबू?”

“नको. मीच.”

त्यानं काउंटरवरचं दुकानाचं एक जाड व्हिजिटिंग कार्ड उचललं आणि ते दुसऱ्या बटणावर झाकण धरावं तसं, काचेला न टेकवता, धरून ठेवलं. “आता थरथरू दे कितीही.”

मी दाबलं. अ‍ॅप उघडलं. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं... आणि यादी आली. एक्क्याण्णव रेकॉर्डिंग्ज. घाईत शेवटच्यावर बोट पडलं आणि दुकानात बाबांचा अडखळता आवाज आला. “चि... चि... चिमे.”

“चिमी कोण?”

“मी,” म्हटलं आणि डोळे भरून आले.

तो झटकन पुन्हा भिंतीकडे वळला. “आधी एक नवं मेमरी कार्ड घाला आणि सगळ्याची कॉपी त्यावर घ्या. मग रडा.”

सहा वाजता मी परत त्याच्या दारात होते.

“काय झालं?” त्यानं उठूनच विचारलं. तोही काळजीत होता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि तो मला आवडला. अगदी सरळ, खूप आवडला.

“अजून सहा महिन्यांचे उपचार मंजूर. मी... दुसरं मेमरी कार्ड घ्यायला आलेय. पहिलं हरवलं तर?”

त्यानं खणातून कार्ड काढून पुढे ठेवलं. “बाजूला काढून ठेवलंच होतं. तुम्ही येणार, माहीत होतं.”

“एक फोटो काढू?”

“दुकानाचा?”

“तुमचा,” मी म्हणाले. हात लांबवून त्याची कॉलर सरळ केली आणि कान तापलेले असतानाच बटण दाबलं.

“दाखवा.”

“तुम्ही तर फोटो बघत नाही.”

“हा बघतो.” त्यानं बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे. “हललाय. अजून सहा काढा.”

फोटो जरासुद्धा हलला नव्हता. मी अजून सहा काढले.