उतारावर बंद केलेली काँटेसा

आधीच सांगतो, हे माझ्यासोबत घडलेलं आहे. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं.

आमच्या घरात बुद्धवंदना होते, भूतबीत कोणी मानत नाही. अंगात येतं म्हणणाऱ्यांना मी तर तोंडावर शिव्या घालतो. तरीही सांगतोय.

साल २०००. डिसेंबरातली भरदुपार. जागा, माळशेज घाट.

आम्ही कळंबचे. माझा थोरला भाऊ रत्नदीपदादा. त्याने हौसेने जुनी काँटेसा घेतली होती. गाडी कसली, हत्तीच तो! रस्त्याने निघाली की लोक वळून बघायचे. पण पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. लिटरला जेमतेम सहा किलोमीटर. म्हणून उतार लागला की दादा चावी फिरवून इंजिनच बंद करायचा.

"उतार फुकटचा हाय, राव!"

यशोधरावहिनीला त्याने लग्न झाल्या झाल्या कबूल केलं होतं, माळशेजला नेतो म्हणून. दरवर्षी तेच रडगाणं. "पेट्रोल जरा स्वस्त होऊ दे, मग जाऊ."

पेट्रोल काही स्वस्त झालं नाही. दादाच गेला. काविळीचं निमित्त झालं आणि बघता बघता संपला.

वर्षभराने गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, एकदा मला माळशेज दाखवा. ह्याच गाडीतनं."

नाही कसं म्हणणार?

पेट्रोल थोडंच होतं. आळेफाट्याला भरू म्हटलं, तर पंपांचा बंद. ओतूरलाही तीच बोंब. मी वैतागलो. "वहिनी, परत फिरू. घाटात अडकलो तर?"

"चला हो. पुरंल."

ती मागं बसली होती. माझ्या शेजारची सीट तिने मुद्दाम रिकामी सोडली होती.

मी पेट्रोलच्या काट्याकडे बघितलं...

कळंबला होता तिथंच होता.

अडकला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

घाटमाथा ओलांडला. बोगद्याकडचा उतार लागला. पेट्रोलची धास्ती होतीच, त्यात दादाची सवय डोळ्यांपुढे. मीही चावी फिरवली. इंजिन बंद.

एकदम शांत. नुसता टायरांचा आवाज...

गाडी वेग घ्यायला लागली. ब्रेक दाबला, तर दगड! इंजिन बंद असलं की हा ब्रेक जड होतो, हे दादाला ठाऊक होतं. मला नव्हतं. परत चावी मारली. इंजिन घेईना. समोर वळण, पलीकडे दरी.

आई गं! मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला. अगदी शांत...

ती माझ्याशी बोलत नव्हती.

"आलात व्हय न्यायला? मी तयार हाय. पर भाऊजींना सोडा. त्यांची लेकरं ल्हान हायेत."

आणि मग...

कर्र... कर्र... कर्र...

दोन सीटांमधला हँडब्रेक वर येत होता. सावकाश. कुणीतरी बेतानं ओढावा तसा.

माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. आरशात वहिनी दिसत होती, हात जोडलेली.

कठड्याला लागता लागता गाडी थांबली.

वहिनी उतरली. पुढचं दार उघडून तिने त्या रिकाम्या सीटवर हात फिरवला.

"अहो..."

काहीच नाही. पानसुद्धा हललं नाही.

मग ती तिथंच रस्त्यावर बसली आणि जी रडली! दादाच्या मयतीलाही ती एवढी रडली नव्हती. मी टायरांखाली दगड लावत राहिलो.

बऱ्याच वेळाने चावी मारली. पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली.

मित्र म्हणतात, हँडब्रेक तूच ओढलास, भीतीत कळलं नसेल. असेल बाबा. मी वाद घालत नाही.

पण वहिनीला काय सांगू? अजूनही कधी घरात आम्ही दोघंच असलो की ती हळूच विचारते.

"भाऊजी, तुमाला सोडलं ते लई चांगलं झालं. पर मला का न्हाई नेलं त्यांनी?"

मी काहीतरी काम काढून बाहेर निघून जातो.