बॅटरी अडतीस टक्के

“गाडी सावलीत लावलीत, तिथेच चुकलं.”

मागून चक्क मराठी ऐकू आलं, तशी चैत्राली दचकून वळली. ओहायोतल्या हायवेवरचा थांबा, जुलैची भर दुपार, आणि समोर हेल्मेट काखेत धरलेला एक उंच तरुण. व्हॅनच्या रेडिएटरचा पाइप फुटलाय, मेकॅनिक साडेतीनशिवाय येत नाही, हे ती आताच फोनवर आईला सांगत होती. ते सगळं त्याने ऐकलं असणार.

“मग काय उन्हात लावू?” ती फणकारली. “इंजिन बंद आहे. एसी बॅटरीवर चाललाय. अडतीस टक्के उरलीय.”

“आणि बॅटरी भरते टपावरच्या सोलर पॅनेलमुळे. त्यांना सावलीत काय मिळणार?” तो जरा ओशाळला. “सॉरी... मी अनीश. इथल्याच, ओहायोतल्या डब्लिनला असतो, मूळचा नागपूरचा. घरच्या गॅरेजमध्ये दीड वर्ष अशीच व्हॅन बांधतोय, म्हणून राहवलं नाही.”

चैत्रालीने कपाळाला हात लावला. झाड दिसलं की गाडी त्याखाली घालायची, ही पुण्यातली सवय.

“पण तुम्ही आत थांब्याच्या हॉलमध्ये का नाही बसत? थंडगार आहे.”

“मला घेतील. यांना नाही.” तिने दार वीतभर उघडलं. आत पट्ट्यांनी बांधलेल्या सहा लाकडी पेट्या होत्या. “भुंगे. बंबलबी. माझी तीन वर्षांची पीएचडी. पस्तीस डिग्रीच्या वर गेलं की अळ्या मरायला लागतात... आणि बाहेरच छत्तीस आहे.”

अनीश अर्धं पाऊल मागे सरला, मग पुन्हा पुढे आला. “बाइकवर आहे, नाहीतर माझ्या गाडीत—”

“घेतले असते?”

“...विचार केला असता.”

सकाळपासून पहिल्यांदा तिला हसू आलं. पण बॅटरीच्या स्क्रीनवर सदतीस उमटलं आणि ते तिथेच विरलं.

“एसी वीसवर का ठेवलाय? त्यांना एवढं लागतं?”

“नाही... भीतीने.”

“सत्तावीसवर ठेवा. फ्रिज बंद करा. आत काय आहे?”

“माझा दहीभात.”

“तो आपण संपवू,” तो लगेच म्हणाला.

धक्का मारायला त्याने दोन ट्रकवाले बोलावून आणले. चैत्राली स्टिअरिंगवर बसली. इंजिन बंद, त्यामुळे चाक जड, ब्रेक त्याहून जड. मागून अनीश “हं!” ओरडला की ते दोघं धिप्पाड गोरेही मनापासून “हं!” ओरडत. व्हॅन इंच इंच करत उन्हात आली, आणि शून्यावर अडकलेला सोलरचा आकडा तीनशे चाळीस वॅटवर चढला.

अडीच वाजेपर्यंत बॅटरी चोवीसवर होती. दहीभात संपला होता. ‘तुम्ही’ गळून ‘तू’ कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. “नागपूरकर उन्हाबद्दल फार बढाया मारतात,” असं ती म्हणाली, आणि “पुणेकर सावलीत गाडी लावतात,” असं त्याने ऐकवलं.

मग ढग आला. तीनशे चाळीसचे साठ झाले. बॅटरी अठरा... बारा... सात. साडेतीनला मेकॅनिकचा फोन आला— अजून वीस मिनिटं.

“पाच टक्के,” अनीश म्हणाला. “एसी थोडा वेळ बंद करू. बॅटरी पार संपली तर तो परत सुरूच होणार नाही.”

“आणि पुन्हा लावायचा कधी?”

“ते तू सांग. मला बॅटरी कळते, भुंगे नाही.”

तिने बटण दाबलं. एकदम शांतता... आणि त्या शांततेत पेट्यांमधली गुणगुण.

“उकडलं की ते पंखांनी अळ्यांना वारा घालतात,” ती कुजबुजली. “आवाज चढतो. तो चढला की लावायचा.”

पेटीच्या एका बाजूला तिने कान टेकला, दुसऱ्या बाजूला त्याने. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर आले. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब होता. तापमान तीस... एकतीस...

“चढला?”

“गप्प बस ना. ऐकू दे.”

बत्तीस. तो आता स्क्रीनकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. तिला ते कळत होतं, आणि मान वळवायची हिंमत होत नव्हती. तेहतीस—

“आता! लाव!”

एसी घरघरला. चार टक्के. तीन. दोनवर मेकॅनिकचा पिवळा ट्रक वळणावर दिसला.

पाइप बदलला, इंजिन सुरू झालं, आकडा हळूहळू वर सरकू लागला. तिला पश्चिमेला, शिकागोजवळचं नेपरव्हिल गाठायचं होतं, त्याला उलट दिशेने घरी जायचं होतं.

“गाडी चालत राहील तसं चार्ज होईल,” फोन नंबर देऊन हेल्मेट उचलत तो म्हणाला. “बॅटरीचं काही अडलं तर फोन कर.”

तिने तिथेच, त्याच्यासमोर नंबर लावला. दोन टक्क्यांवरही छाती एवढी धडधडली नव्हती.

“हॅलो?” समोर उभा राहूनच त्याने फोन उचलला.

“बॅटरी ठीक आहे,” ती म्हणाली. “भुंगेही ठीक आहेत. मी मात्र...”



अनीशने हेल्मेट बाइकवर ठेवलं आणि फोन कानाला तसाच धरून जवळ आला.

“सांग,” तो म्हणाला. “मला घाई नाहीये.”