उन्हाळी राजधानीचा पंच

कुमुदिनी बर्वेनं खोक्याची फळी उचकटून आत हात घातला, तर हाताला लागल्या फायली. लाल फितीत आवळलेल्या, धुळीचा वास मारणाऱ्या सरकारी फायली! तिनं मागवले होते जालंधरचे सहा बास्केटबॉल.

इंदूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एप्रिल महिना, म्हणजे ग्वाल्हेरचं दप्तर इंदूरला यायचा महिना. आमच्या मध्यभारताला राजधान्या दोन... हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दर एप्रिलला अख्खं सचिवालय गाडीत बसून इकडे यायचं. फायली, टाइपरायटर, कारकून, त्यांची बायकामुलं, लोणच्याच्या बरण्यासुद्धा! आणि ऑक्टोबरात हा सगळा पसारा तसाच माघारी.

"हे आपले का?"

कुमुदिनीनं वळून पाहिलं. एक उंच, सावळा तरुण काखेत नवाकोरा बास्केटबॉल घेऊन उभा होता.

"उज्जैनला डबे बदलताना खोकी बदलली वाटतं. अर्थखात्याचं खोकं उघडलं नि आतून हे निघाले. साहेब म्हणाले, रेगे, बजेट फुगलंय हे ठाऊक होतं, पण इतकं?"

हसू दाबायला कुमुदिनीला फार कष्ट पडले. तेवढ्यात त्या गृहस्थानं चेंडू फरशीवर आपटला.

"हां हां, आपटू नका! कोरं चामडं आहे, खरखरीत फरशीवर सोलून निघतं."

"अरे बाप रे... माफ करा हं. खेळता आपण?"

"खेळवते," कुमुदिनी म्हणाली आणि चेंडू त्याच्या हातातून काढून घेतला.

त्याचं नाव अच्युत रेगे. सचिवालयात असिस्टंट. ग्वाल्हेरला क्लबात खेळायचा, पंचाची परीक्षाही पास झालेला. हे सगळं त्यानं टांग्यात खोकं चढवता चढवता, कुणी न विचारता सांगितलं. टांगा हलला तेव्हा तो म्हणाला, "पंच लागला तर बोलवा. ऑक्टोबरपर्यंत इथंच आहोत."

ही गोष्ट बावन्न सालची.

इंदूरच्या मुलींच्या कॉलेजात कुमुदिनी कागदोपत्री मुख्य प्रशिक्षिका होती. मुख्य अशासाठी, की दुसरी कुणी नव्हतीच. लखनौहून डिप्लोमा घेऊन ती आली तेव्हा कॉलेजमागे काळ्या मातीचं एक रिकामं आवार होतं. तिथं तिनं गड्यांकडून मुरूम टाकून घेतला, चुन्याच्या रेघा ओढल्या आणि दोन खांबांवर कड्या ठोकल्या. मैदान झालं, पण मुली कुठून आणायच्या? लुगडी नेसून कुणी पळत नाही, आणि सलवार-कमीज म्हटलं की आया कपाळाला हात लावायच्या. मग कुमुदिनी जुन्या इंदुरातून घरोघर हिंडली.

होळकरी फौजेत ज्यांच्या आजोबांनी तलवार गाजवली ते जयसिंगराव मिशीला पीळ देत म्हणाले, "हमारे घर की लडकियाँ अशा धावत नाहीत, बाई."

"पण तुमच्या घरच्या बायका घोड्यावर बसायच्या ना?"

"बसायच्या म्हणजे? अहो, दौडवायच्या!"

"मग ही तर आपल्याच पायांनी दौडणार. पडली तरी थोडंच लागेल."

जयसिंगराव खो खो हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची शालिनी मैदानावर हजर झाली. चौदा मुली कुमुदिनीनं अशा गोळा केल्या. कुणाच्या आईला गोड बोलून, तर कुणाच्या बापाशी भांडून. त्या चौदाजणींत तिचा जीव होता. त्या तिला बहनजी म्हणत आणि तिच्या शिट्टीला टरकून असत.

पंच लागलाच. अच्युत रोज पाचच्या ठोक्याला सचिवालयातून सायकल मारत यायचा. इतर वेळी मऊ बोलणारा हा माणूस शिट्टी तोंडात धरली की कुणाचा म्हणून नसे.

"अच्युतराव," एकदा कुमुदिनीनं त्याला ऐकवलंच, "पोहे आमचे खाता आणि फाउल आमच्याच शालिनीला देता?"

"पोहे शेवेमुळे आवडले, जी. फाउल हाताला हात लागला म्हणून दिला."

"लागला नव्हता!"

"तुम्ही बघितलं?"

"हो, बघितलं."

"कसं बघणार? तुम्ही तर माझ्याकडे बघत होता..."

मुली खिदळल्या. कुमुदिनीनं सगळ्यांना मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या, आणि स्वतःही त्यांच्या पुढे धावायला लागली. गाल लाल का झाले, याला तेवढंच कारण पुरलं.

श्रावणात मैदानाचा चिखल व्हायचा. मग कॉलेजच्या लांब व्हरांड्यात पासचा सराव चाले. पागोळ्या गळत असायच्या, ओल्या चामड्याचा वास सुटायचा, आणि खांबाला टेकून अच्युत उगाचच उभा असायचा. पुढच्या वर्षीच्या श्रावणात, मुली घरी गेल्यावर, तो खांब सोडून जवळ आला.

"कुमुदिनीजी... एक बात पूछूं?"

"विचारा ना."

"माझ्या आईला तुमच्या घरी पाठवू?"

पावसाचा आवाज एकाएकी फार मोठा वाटायला लागला. हो म्हणायला तिला एक क्षणही लागला नसता... पण तिनं ओठ मिटले. कॉलेजची रीत तिला ठाऊक होती. संगीताच्या बाई, संस्कृतच्या बाई, शिवणाच्या बाई. लग्न ठरलं की पेढे आणि राजीनामा एकाच दिवशी द्यायचा! लग्न झालेली बाई कॉलेजात राहिलेली कुणी पाहिली नव्हती. आपण गेलो तर या चौदाजणींचं काय? आठवड्याभरात मैदानावर गवत उगवेल, असं तिला वाटलं.

तिनं त्याला हे सगळं सांगितलं. मग हळूच म्हणाली, "मध्यभारताची बास्केटबॉलची ढाल एकदा जिंकू दे. एवढं एकदा करून दाखवू दे मला. मग... पाठवा."

अच्युत हसला. "चलेगा. वाट बघायला सरकारी नोकराला शिकवावं लागत नाही."

आणि त्यानं खरंच वाट पाहिली. हिवाळ्यात पत्रं यायची, उन्हाळ्यात तो स्वतः. ढालीचे सामने ग्वाल्हेरला व्हायचे, पण तिच्या संघाच्या सामन्याला तो पंच म्हणून उभा राहत नसे. "तुम्ही समोर असल्यावर माझी नजर चेंडूवर राहायची नाही," म्हणायचा. दोन वर्षं मुली अंतिम सामना हरल्या. रडणाऱ्या मुलींना गाडीत बसवून कुमुदिनी खिडकीतून पाही, तेव्हा फलाटावर मफलर गुंडाळलेला अच्युत हात हलवत असायचा. पुढच्या वर्षी, म्हणायचा.

छप्पनच्या जानेवारीत मुली जिंकल्या. शेवटच्या मिनिटाला शालिनीनं मारलेला चेंडू कडीवर नाचला, नाचला आणि आत पडला. गर्दीतून अच्युतनं कुमुदिनीकडे पाहिलं. इतका आनंद तिनं कुणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. आणि तिनं काय करावं? तिनं मान वळवली, आणि मनातल्या मनात पुढच्या वर्षी कोण कोण शिकून बाहेर पडणार ते मोजायला लागली.

एप्रिलला दप्तर आलं. स्टेशनवरून अच्युत थेट मैदानावर आला.

"ढाल आली."

"हो."

"मग... आईला पाठवू?"

"अच्युतराव, सहा मुली जातायत हो यंदा. शालिनीचंही शेवटचं वर्ष. नव्या पोरींना अजून चेंडू धरता येत नाही. एकच वर्ष... फक्त एक."

तो हो म्हणाला, पण या वेळी हसला नाही. कुमुदिनीला ते दिसलं, आणि दिसूनही तिनं शिट्टी वाजवून मुलींना गोळा केलं.

ते वर्ष काही मिळायचं नव्हतं. मध्यभारतच संपत होता. पहिल्या नोव्हेंबरला नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला. त्या ऑक्टोबरात सचिवालयात पुन्हा खोकी बांधायला घेतली, पण त्यांच्यावर ग्वाल्हेरचं नाव नव्हतं.

"भोपाळ तर जवळ आहे," कुमुदिनी म्हणाली. दोघं मैदानाच्या कडेच्या बाकावर बसली होती. "ग्वाल्हेरच्या निम्म्यावर."

"जवळ आहे, पण दप्तर आता तिथंच राहणार, कुमुद. उन्हाळ्यात परत येणार नाही." पहिल्यांदाच त्यानं तिला नुसतं कुमुद म्हटलं होतं. "मला एक फॉर्म भरायचाय. भोपाळ, किंवा इथं जिल्हा कचेरी. इथं राहिलो तर हुद्दा एक पायरी खाली. चालेल मला. पण नुसतं मैदानाच्या कडेला उभं राहायला नाही राहणार गं... चार वर्षं झाली. आई उज्जैनला रोज एक स्थळ काढून बसते. शनिवारपर्यंत सांग."

"आणि या मुली?"

"नोकरी सोड असं मी म्हटलंय? कॉलेजच्या कमिटीला एकदा विचारून तर बघ. फार फार तर नाही म्हणतील."

"आजवर कुणाला ठेवलं नाही त्यांनी."

"विचारलं कुणी?"

शुक्रवारी सकाळी ती गेली. कमिटीचे अध्यक्ष नानासाहेब तेव्हा बंगल्याच्या ओसरीवर पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, ढालीचं तोंडभरून कौतुक केलं. कुमुदिनीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. पण विचारलं, आणि लग्नाचं कळताच यांनी जागा भरायला दुसरी बाई शोधायला घेतली तर? मुली हातच्या गेल्या तर?

"बोला, बाई. काही काम होतं?"

"कड्यांच्या जाळ्या फाटल्यात," कुमुदिनी म्हणाली.

"अरे, बस? उद्याच घेऊन टाका!"

जाळ्या मिळाल्या. शनिवारी तिनं अच्युतला चिठ्ठी पाठवली, 'भोपाळच लिहा.' कारण लिहिलं नाही. दप्तर गेलं त्या दिवशी स्टेशनवरही ती गेली नाही. नव्या पोरींना चेंडू धरायला शिकवत होती, आणि प्रत्येकीवर विनाकारण खेकसत होती. पुढच्या वैशाखात उज्जैनला अच्युतचं लग्न झालं. पत्रिका आली होती.

कुमुदिनीचं नाव मात्र होत गेलं. नव्या राज्याच्या संघात तिच्या चार मुली निवडल्या गेल्या, पेपरात फोटो आला. एकोणसाठ साली कॉलेजनं तिच्या हाताखाली शालिनीला नेमलं, आणि त्याच वर्षी शालिनी पेढे घेऊन आली.

"लग्न ठरलं, बहनजी! मुलगा इथलाच आहे."

कुमुदिनीनं तिला जवळ घेतलं. "फार छान झालं गं. राजीनामा कधी देतेस?"

"राजीनामा? वो किसलिए?" शालिनी बघतच राहिली. "मी नानासाहेबांना विचारलं, लग्नानंतर आले तर चालेल ना. म्हणाले, चालेल की, का नाही चालणार? असा काही नियमच नाही म्हणे, बहनजी. बायकाच आपणहून सोडून जातात, तर आम्ही कशाला अडवायचं!"

कुमुदिनीनं हातातला पेढा तसाच खाली ठेवला. पाच मिनिटांत, एका वाक्यात, ही पोर विचारून मोकळी झाली होती! आणि आपण त्याच ओसरीवर, त्याच माणसासमोर बसून जाळ्या मागितल्या. त्या दिवशी ती सराव सोडून घरी गेली आणि दार लावून पोटभर रडली. आता रडून कुणाला काय मिळणार होतं?

हिवाळा सरत आला तेव्हा अच्युत आला. सरकारी कामासाठी एका दिवसाचा दौरा. कानशिलं जरा पांढरी झाली होती, पण चाल तीच. त्याच बाकावर दोघं बसली. मुलगी दीड वर्षाची झाली, फार मस्ती करते, असं तो सांगत होता. समोर शालिनी मुलींना पळवत होती. महिन्याभरापूर्वीच तिचं लग्न झालं होतं, आणि मंगळसूत्र तिनं कमीजच्या गळ्यात खोचून टाकलं होतं.

"तुम्ही छान दिसता," अच्युत म्हणाला. "म्हणजे... फोटोत पाहिलं होतं पेपरात."

"फोटोत नाक मोठं आलंय."

तो हसला.

"एक विचारू, कुमुद? इतके दिवस मनात आहे. त्या वेळी... तू कमिटीला विचारलं होतंस?"

मैदानावर शालिनीनं वळून इकडे पाहिलं. तिनं ओळखलं असावं. हात वर करून ती बाकाकडे यायला निघाली, आणि धावताना गळ्यातले काळे मणी कमीजबाहेर आले.

"शालिनी!" कुमुदिनी ओरडली. "त्या टोकाला घे सगळ्यांना! आधी वीस फेऱ्या!"

शालिनी गोंधळून थबकली, मग मुलींना घेऊन पलीकडे गेली.

"विचारलं होतं," कुमुदिनी म्हणाली. "नाही म्हणाले."

अच्युतनं केवढा तरी मोठा श्वास सोडला. "मग ठीक आहे. मला आपलं वाटत राहायचं, की तू विचारलंच नसशील. आणि मग वाटायचं, मीच स्वतः जाऊन विचारायला हवं होतं... पण नाहीच म्हणाले असतील, तर मग कुणाचाच दोष नाही."

"कुणाचाच नाही."

तो उठला. नमस्कार करताना त्याचे डोळे भरून आले होते, पण चेहरा हलका झाला होता. तेवढं तिनं डोळे भरून पाहून घेतलं. फाटकापर्यंत मात्र ती गेली नाही.

फेऱ्या संपवून शालिनी धापा टाकत आली. "बहनजी, रेगेसाहेब होते ना ते? थांबवायचं ना! लग्नाचे लाडू द्यायचे होते त्यांना."

"त्यांना गाडी गाठायची होती," कुमुदिनी म्हणाली.