मुठीचं मडकं

पडद्याआडून खैरुननं मडकं पुढं केलं अन् घेणाऱ्याच्या हातून ते निसटलं! सगळं पीठ त्याच्या काळ्या शेरवानीवर.

"हाय अल्ला!" खैरुनला हसू आवरेना.

"हसा, तुमी हसा... आता मोहल्ला म्हणंल, मास्तरानं दळायला घेतलंय!"

हा मुनव्वर. औरंगाबादेत शिकून नुकताच मोमिनाबादला आलेला. इथले विणकर दोन पिढ्यांमागं बैलगाड्यांवर माग लादून उत्तरेकडून आले होते. परक्या मुलखात एकमेकांना धरून राहावं म्हणून त्यांनी अंजुमन, म्हणजे जमातीची संस्था, काढली अन् अंजुमननं मशिदीच्या ओसरीवर पोरांची शाळा. तिच्यासाठी घरोघरच्या बायका पीठ मळण्याआधी एक मूठ मडक्यात टाकत. जुमेरातीला, म्हणजे दर गुरुवारी, मास्तर ते गोळा करायचा.

हळूहळू खैरुनच्या घराची पाळी सगळ्यात शेवटी यायला लागली. का, ते तिला कळत नव्हतं थोडंच! बाहेर तो खाकरला, की तिच्या हातातला धागा हमखास तुटायचा.

एकदा तिनं पडद्याखालून सरकवलेल्या पिठाच्या ताटात त्यानं बोटानं तिचं नाव लिहिलं अन् वाचून दाखवलं.

"हे... मी?"

त्या पिठाची भाकरी तिनं केलीच नाही. ताट तसंच फळीवर ठेवून दिलं. तिला स्वतःच्या हातानं लिहायचं होतं. दुसरं काही सुचेना.

"मास्तर, मूठ आमची. मंग शाळा निस्ती पोरांचीच कावून?"

पुढच्या जुमेरातीला मुनव्वर बघतो तर काय, मोहल्ल्यातल्या प्रत्येक उंबऱ्यावर मडकं पालथं, मूठभर पीठही नाही! हा उद्योग कुणाचा, ते त्याला विचारावं लागलं नाही.

बुजुर्ग भडकले. शुक्रवारी नमाजेनंतर अंजुमन बसली, अन् मुनव्वर सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरींना शाळंत बसवा, न्हाईतर मी चाललो."

ते खैरुनच्या कानावर आलं. हे काय करून बसलो आपण? शाळाही जायची अन् तोही. तो जाऊ नये, एवढं तिला आता लख्ख कळलं होतं.

दुपार कलली. बाहेर कुणीतरी खाकरलं.

"मंजूर झालं," मुनव्वर म्हणाला. "पन एक अट हाय. पोरींना शिकवणारा मास्तर... लगीन झालेला पायजे."

"मंग करा की." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"म्हणूनच आधी तुमच्या अब्बांकडं गेलतो. ते म्हणले, पोरीनं मडकं सरळ केलं तर माझी ना न्हाई."

पडद्याखालून खैरुनची, सूत रंगवताना निळीनं माखलेली बोटं पुढं आली, त्यांनी मडकं उचललं, सरळ ठेवलं. त्यात एक मूठ पडली.

"ही शाळंची."

मग जरा थांबून दुसरी.

"आन् ही?"

"तुमची... ह्या बारीला सांडू नगा."